फौजी ते गीतकार, पण एका झटक्यात नाही : आनंद बक्षींची गोष्ट आणि गंगाखेडच्या पोरांचा हिशेब

गंगाखेड असो, परळी असो की पालम. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे पाचला रस्त्यावर या, पळणारी पोरं दिसणारच. कुणी पोलीस भरतीची तयारी करतंय, कुणी अग्निवीरची. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारायचे असतात. कानात इअरफोन, त्यात गाणं.

यातल्या एखाद्या पोराला गाण्याचा नाद असतो. शाळेच्या गॅदरिंगला गायलेला असतो, सप्त्यात टाळ धरलेला असतो, वहीत चार गाणी लिहून ठेवलेली असतात. पण घरची शेती कोरडवाहू, त्यामुळे आधी नोकरी. भरतीचा फॉर्म भरतो आणि गाणं मोबाईलच्या नोट्समध्ये राहतं.

अशा पोरांना इन्स्टावर एक रील हमखास भेटते. आनंद बक्षी यांचा फोटो, मागं धून आणि वर लिहिलेलं की या माणसानं स्वप्नासाठी फौजेची नोकरी सोडली आणि हजारो गाणी लिहिली, तुम्ही कधी सोडताय?

विषय असा आहे की ही रील खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी गोष्ट समजून घेणं आत्ता जास्त गरजेचं आहे. कारण अग्निपथ योजनेतली पहिली पोरं जानेवारी २०२३ च्या आसपास प्रशिक्षणाला गेली. चार वर्षांचा हिशेब लावला तर ती २०२६ च्या अखेरीपासून घरी परतायला लागतात. त्यातल्या बहुतेकांना बक्षींसारखा निर्णय घ्यावाच लागणार आहे. फरक एवढाच की बक्षींनी फौज सोडली होती, आणि यांना फौजच मोकळं करणार आहे.

आधी गोष्ट नीट बघू

बक्षी आनंद प्रकाश वैद. जन्म २१ जुलै १९३० चा, रावळपिंडीतला. शाळेपेक्षा गाण्यात आणि सिनेमात जीव जास्त. १९४४ मध्ये, म्हणजे चौदाव्या वर्षी, ते रॉयल इंडियन नेव्हीत बॉय म्हणून कराचीला भरती झाले. नौदलात गेलो की जहाज कधी ना कधी मुंबईला लागेल आणि मुंबईत सिनेमा आहे, असा पोराचा साधा हिशेब होता.

पण फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिकांचं बंड झालं. मुंबईच्या 'तलवार'वर ठिणगी पडली आणि ती कराचीपर्यंत गेली. बंडात सामील झालेल्या पोरांना इंग्रजांनी घरी पाठवलं. बक्षी त्यातलेच एक. पहिली नोकरी अशी गेली.

दीड वर्षात फाळणी झाली. ऑक्टोबर १९४७ मध्ये कुटुंब रावळपिंडी सोडून दिल्लीला आलं. निर्वासित घर, खाणारी तोंडं आणि कमावणारे हात यांचा मेळ बसवायचा होता. त्याच वर्षी बक्षी भारतीय लष्करात गेले, कोअर ऑफ सिग्नल्समध्ये.

लष्करात त्यांना एक गोष्ट सापडली जी मुंबईत पैसे देऊनही मिळाली नसती. ती म्हणजे श्रोते. फौजेत 'बडा खाना' असतो. अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात, मग कुणी नकला करतं, कुणी गातं. बक्षी तिथं स्वतः लिहिलेली गाणी स्वतःच्या आवाजात म्हणायचे. समोर पंजाबी, मराठे, गढवाली, मद्रासी असे सगळे. ज्या गाण्यावर हे सगळे एकदम मान डोलावतील ते गाणं देशात कुठंही चालेल, याची चाचणी आपोआप होत होती. पुढं त्यांच्या गाण्यांबद्दल एक गोष्ट कायम बोलली गेली, की शब्द सोपे असतात आणि रिक्षावाल्यापासून प्रोफेसरपर्यंत सगळ्यांना कळतात. त्या सोपेपणाची तालीम छावणीत झाली, असं म्हणायला जागा आहे.

रीलमध्ये नसलेला भाग : पहिल्यांदा ते हरले

१९५० मध्ये बक्षींनी लष्कर सोडलं आणि मुंबई गाठली. वय वीस. ओळख कुणाची नाही. स्टुडिओंचे उंबरे झिजवले, काम मिळालं नाही, जवळचे पैसे संपले.

मग ते परत गेले. १९५१ मध्ये पुन्हा लष्करात, या वेळी ईएमई म्हणजे यंत्रसामग्री सांभाळणाऱ्या विभागात. नंतरची पाच वर्षं नोकरी केली. १९५४ मध्ये लग्न झालं. लिहिणं सुरू होतं, बडा खान्यात गाणं सुरू होतं. पुन्हा निघायचं हे मनात पक्कं होतं, पण घाई नव्हती.

१९५६ मध्ये ते दुसऱ्यांदा मुंबईत आले तेव्हा वय २६ होतं. यावेळी पोतडीत तयार गाणी होती, श्रोत्यांवर तपासलेली. आणि पहिल्या खेपेला कुठं चुकलं याचा अनुभव होता.

तरीही सोपं गेलं नाही. मुंबईत राहायला जागा नव्हती. पश्चिम रेल्वेच्या एका तिकीट तपासनीसानं त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं, जेवू घातलं. तो माणूस त्यांचा नातेवाईक नव्हता, गाववालाही नव्हता.

आणि इथं येतो एक मराठी माणूस

बक्षींना पहिलं काम मिळालं ते भगवानदादांच्या सिनेमामुळं. भगवान आबाजी पालव. जन्म अमरावतीचा, घर गिरणी कामगाराचं, १९५१ च्या 'अलबेला'नं देशभर गाजलेला मराठी गडी. किस्सा असा सांगितला जातो की 'भला आदमी' नावाच्या सिनेमाची गाणी लिहून हवी होती, ठरलेला गीतकार आला नव्हता आणि बाहेर बसलेल्या या माजी जवानाला दादांनी विचारलं, तू काय करतोस? गाणी लिहितो म्हटल्यावर प्रसंग समजावून सांगितला आणि लिहायला बसवलं.

चार गाणी मिळाली. दीडशे रुपये मिळाले. सिनेमा आला १९५८ मध्ये.

तो सिनेमा चालला नाही. नंतरची काही वर्षं अशीच गेली. १९६२ च्या 'मेहंदी लगी मेरे हाथ'नं थोडं नाव झालं. खरा स्फोट झाला १९६५ मध्ये, 'जब जब फूल खिले' आणि 'हिमालय की गोद में' या दोन सिनेमांनी. मग 'मिलन', 'आराधना', 'अमर प्रेम', 'बॉबी', 'शोले'. पुढच्या पिढीसाठी 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' आणि 'ताल'. एकूण सहाशेहून जास्त सिनेमे, तीन हजारांवर गाणी, फिल्मफेअरची चाळीस नामांकनं आणि चार पुरस्कार. लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल यांच्या जोडीसोबतच तीनशेच्या आसपास सिनेमे.

आणि गायचं राहिलं नाही. १९७२ च्या 'मोम की गुडिया'मध्ये ते स्वतः गायले, एक गाणं तर लता मंगेशकरांसोबत.

आता तारखा पुन्हा मांडून बघा. पहिल्यांदा फौज सोडली १९५० ला आणि घराघरात नाव झालं १९६५ ला. दुसऱ्या खेपेपासून मोजलं तरी नऊ वर्षं. रीलमध्ये हा काळ तीन सेकंदांत संपतो.

हे एकट्या बक्षींचं झालं का?

नाही. बाहेर बघितलं तरी साचा हाच दिसतो.

अमेरिकेचे बिल विदर्स सतराव्या वर्षी नौदलात गेले, नऊ वर्षं राहिले. तोतरं बोलायचे, त्यावर मात केली ती तिथंच. १९६५ मध्ये बाहेर पडले आणि विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागले. रात्री गाणी लिहायची, दिवसा पाळी करायची. पहिला अल्बम आला १९७१ मध्ये, वयाच्या बत्तिशीच्या पुढं. त्याच्या कव्हरवर हातात जेवणाचा डबा आहे, कारण नोकरी तेव्हाही सुरू होती.

क्रिस क्रिस्टोफरसन हे अमेरिकी लष्करात कॅप्टन होते, हेलिकॉप्टर चालवायचे. १९६५ मध्ये सैन्य सोडून नॅशव्हिलला गेले आणि एका रेकॉर्डिंग स्टुडिओत झाडू मारला. मधल्या काळात तेल काढणाऱ्या कंपन्यांसाठी हेलिकॉप्टर उडवून घर चालवलं. म्हणजे लष्करातलं कौशल्य पोटाला आलं आणि गाणं मागून आलं.

आपल्याकडं मदन मोहन दुसऱ्या महायुद्धात सेकंड लेफ्टनंट होते. सिनेमाच्या आधी त्यांनी आकाशवाणीत नोकरी केली. त्यांच्या घरी मात्र सिनेमाची ओळख होती, वडील रायबहादूर चुनीलाल स्टुडिओच्या धंद्यातले. ही सोय सगळ्यांना नसते.

मराठीतलं सगळ्यात जवळचं उदाहरण डॉ. वसंतराव देशपांडे. मूर्तिजापूरचा माणूस. ते जवान नव्हते, पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. दोन तपं ही नोकरी केली. चाळिशी ओलांडल्यावर ती सोडली आणि १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली'मधले खाँसाहेब महाराष्ट्राला दिसले. 'मी वसंतराव' सिनेमा बघितला असेल तर हे माहीत असेलच.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. गाण्यानं पोट भरायला लागेपर्यंत दुसरं काहीतरी पोट भरत होतं. फौजेनं यांना गाणं शिकवलं नाही. फौजेनं दिला पगार, शिस्त, वेगवेगळ्या मुलखांतली माणसं, आणि बक्षींच्या बाबतीत तर परत यायचा रस्ता.

मग आत्ताच्या पोरांचं काय वेगळं आहे?

परत यायचा रस्ता. तोच वेगळा आहे.

अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. सेवा चार वर्षांची, प्रशिक्षण धरून. चार वर्षांनी एका तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के पुढं कायम होतात. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. बक्षी १९५१ मध्ये जसे पुन्हा भरती झाले तशी सोय, म्हणजे जमलं नाही तर पुन्हा फौजेत, बाहेर पडलेल्या अग्निवीराला नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांमध्ये राखीव जागा जाहीर झाल्या आहेत, पण तिथंही परीक्षा आणि स्पर्धा आहेच.

पण त्याच्या बदल्यात एक गोष्ट आहे जी बक्षींकडं नव्हती : सेवा निधी.

पगार पहिल्या वर्षी महिना ३० हजार, मग ३३ हजार, ३६ हजार ५०० आणि चौथ्या वर्षी ४० हजार. यातले ३० टक्के दर महिन्याला कापून निधीत जातात. म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१ हजार, चौथ्या वर्षी २८ हजार. कापलेले पैसे चार वर्षांत साधारण ५ लाख २ हजार होतात, तेवढेच सरकार घालतं. व्याज धरून योजना जाहीर करताना सांगितलेला आकडा होता सुमारे ११ लाख ७१ हजार, त्यावर आयकर नाही.

आता हिशेब करू. समजा एखाद्या पोरानं ठरवलं की हा सगळा पैसा गाण्याच्या स्वप्नावर जगायला वापरायचा. तीन वर्षांत वाटला तर महिन्याला साधारण ३२ हजार ५०० येतात. बरं वाटतं ऐकायला. पण बक्षींना दुसऱ्या खेपेनंतर नाव व्हायला नऊ वर्षं लागली. नऊ वर्षांत वाटला तर महिन्याला साधारण १० हजार ८००. मुंबईत किंवा पुण्यात यात खोलीचं भाडं आणि मेस भागवून बघा. आणि हे धरलंय घरी बहिणीचं लग्न नाही, ट्रॅक्टरचा हप्ता नाही, बोअर मारायची नाही असं. गंगाखेड तालुक्यात असं घर शोधून दाखवा.

थोडक्यात काय, तर सेवा निधी हे उडी मारण्यासाठीचं भांडवल आहे, पण पडल्यावर धरणारं जाळं नाही. ते जाळं आधी विणायला लागतं.

ते विणायचं कसं?

पहिली गोष्ट : वर्दी आणि संगीत एकत्र करायचा रस्ताही आहे. लष्कराचे बँड असतात आणि त्यांच्या वादकांचं प्रशिक्षण मध्य प्रदेशातल्या पचमढीला होतं. हवाई दल अग्निवीरवायू (म्युझिशियन) या पदासाठी वेगळी भरती काढतं, नौदलही म्युझिशियन घेतं. वाद्य वाजवता यावं लागतं, सूर पकडता यावा लागतो. आपल्या महाराष्ट्र पोलीस भरतीतही बॅन्ड्समनच्या जागा निघतात. लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट फुंकणाऱ्या किंवा ताशा वाजवणाऱ्या पोरांपैकी कितीजणांना हे माहीत असतं? भरती अकॅडमीच्या फ्लेक्सवर हे लिहिलेलं नसतं. जाहिरात आली की अटी मात्र नीट वाचून घ्या.

दुसरी गोष्ट : नोकरीत असताना रील टाकून फेमस होऊ, हा विचार असेल तर थांबा. अग्निवीरालाही आर्मी ॲक्ट १९५० लागू आहे. त्याच्या कलम २१ नुसार जवानांच्या काही अधिकारांवर बंधनं घालता येतात आणि आर्मी रूल्स १९५४ मधल्या नियम २१ नुसार राजकीय किंवा सेवेशी संबंधित मजकूर परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. जुलै २०२० मध्ये तर लष्करानं जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप मोबाईलमधून काढायला सांगितले. एक लेफ्टनंट कर्नल त्याविरोधात दिल्ली उच्च न्यायालयात गेले, पण ऑगस्ट २०२० मध्ये याचिका फेटाळली गेली. वर्दीतला व्हिडिओ व्हायरल होतो तसा अंगाशीही येतो. आपल्या युनिटमध्ये सध्या काय चालतं हे वरिष्ठांना विचारूनच पाऊल टाकलेलं बरं. पण लिहायला कुणाची मनाई नाही. बडा खाना आजही होतो.

तिसरी गोष्ट : यूट्यूबच्या पैशाचा अंदाज. जाहिरातीतला वाटा मिळायला किमान १ हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४ हजार तासांचा वॉचटाइम लागतो, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. स्पॉटिफायवर वर्षभरात हजारपेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला पैसेच मिळत नाहीत. म्हणजे सुरुवातीचा मोठा काळ या रकान्यात शून्य धरायचं. हाताला लागणारा पैसा मिळतो तो लग्न, जयंती, सप्ता, गणपती, देवीचे कार्यक्रम यातून. मराठवाड्यातल्या कितीतरी गायक पार्ट्यांचा संसार त्यावरच चालतो.

चौथी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट : गाण्याची मालकी. बक्षींना पहिल्या चार गाण्यांचे दीडशे रुपये मिळाले आणि व्यवहार संपला. तेव्हा सगळ्यांचं तसंच होतं. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. जावेद अख्तर यांनी संसदेत आणि बाहेर त्यासाठी जोर लावला होता. आता सिनेमातलं गाणं थिएटरबाहेर वाजलं, टीव्ही, रेडिओ, मोबाईल कुठंही, तर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीचा हक्क आहे. आणि कुणी करारावर सही घेतली तरी तो हक्क सोडून देता येत नाही, अपवाद फक्त वारसांचा आणि कॉपीराइट सोसायटीचा. ही वसुली करणारी आयपीआरएस ही संस्था मुंबईत १९६९ पासून आहे, तिचं सदस्य होता येतं. गाणं लिहिलं की कॉपीराइट आपोआप तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण कधी लिहिलं याचा पुरावा जपून ठेवा. पाच हजारांत गाणं 'कायमचं' विकून टाकणाऱ्या पोरांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

शेवटी दोन माणसं आणि एक बाई

ज्या भगवानदादांनी बक्षींना पहिलं काम दिलं त्यांचं पुढं काय झालं? 'अलबेला'नं दिलेला जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या, छोट्या छोट्या भूमिका करत दिवस काढले. ४ फेब्रुवारी २००२ ला दादरच्या चाळीतल्या घरात ते गेले. दोन महिनेही झाले नाहीत तोच, ३० मार्च २००२ ला, मुंबईतच आनंद बक्षी गेले. शेवटपर्यंत ते गाणी लिहीत होते. शहर तेच, धंदा तोच, दोघांकडं गुण होता, दोघांनी कष्ट केले. तरी एकाचं टिकलं, एकाचं गेलं. रील बनते ती फक्त टिकलेल्याची.

आणि गंगाखेडला तर हे सांगायला मुंबईची उदाहरणं कशाला हवीत? संत जनाबाई इथल्याच. पंढरपुरात नामदेवांच्या घरी धुणीभांडी, दळणकांडण करत आयुष्य गेलं, आणि अभंग त्याच कामात रचले गेले. काम सुटायची वाट त्यांनी बघितली नाही. अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घालायला मात्र त्या विसरल्या नाहीत. म्हणूनच सातशे वर्षांनीसुद्धा ते अभंग त्यांच्याच नावानं ओळखले जातात.

त्यामुळं पहाटे पळणाऱ्या पोरानं रील बघून नोकरी सोडायचीही गरज नाही आणि नोकरी लागली म्हणून वही फेकायचीही नाही. बक्षींनी दोन्ही चुका टाळल्या, तेही एकदा तोंडावर पडल्यावर. पहिल्या खेपेला हरून परत जाताना त्यांना लाज वाटली असेलच. पण त्या पाच वर्षांच्या नोकरीत वही बंद झाली नाही.

अग्निवीराच्या हातात चार वर्षं आहेत. तुमच्या गावात, घरात असं कुणी पोरगं असेल तर त्याला ही गोष्ट पूर्ण पाठवा, अर्धी नको.